हटवार सरांचा इंट्रॉन

लाखनीच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबबाहेर दोन प्रकारची माणसं उभी दिसायची. एक, जर्नल अपुरं असलेली मुलं. दुसरे, लग्न ठरवायला निघालेले बाप. मुलांना हटवार सर खुशाल उभं ठेवत, बापांना मात्र लगेच स्टूल मिळे. बाप खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन कार्डं काढी, एक आपल्या लेकराचं आणि एक होणाऱ्या सोयऱ्याच्या लेकराचं. सर चष्मा कपाळावर चढवत, कार्डं डोळ्यांजवळ नेत, मग फळ्यावर चार चौकोन काढून निकाल देत. बाप खूश होऊन बाहेर पडे, किंवा पडलेल्या चेहऱ्याने. निकालावर अपील नसे.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडांच्या दुखण्याने तळमळतो. शाळाशाळांत शिबिरं होतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि कार्ड देतात. आमच्याकडे आलेल्या कार्डांत पांढरं म्हणजे निर्मळ, लाल म्हणजे आजारी, आणि पिवळं म्हणजे ज्याला स्वतःला त्रास नाही पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकतो असा वाहक. पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये, एवढा साधा हिशेब. लोकांनी ही कार्डं देवघरात पत्रिकेशेजारी ठेवली. पत्रिका बघायला गुरुजी होते, कार्डं बघायला हटवार सर.

सर आठवले की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. हसण्याचं आधी सांगते.

मी तिथे मराठी शिकवत होते, साकोलीहून बसने ये-जा करायची. आमच्या स्टाफरूमचा चहा पिण्यासारखा नव्हता म्हणून मी लॅबमध्ये जाऊन बसे. सर तिथे स्पिरिटच्या दिव्यावर बीकरमध्ये चहा करत. त्या बीकरमध्ये आदल्या दिवशी काय उकळलं होतं हे मी कधी विचारलं नाही. बुटके, अंगापेक्षा दोन माप मोठा शर्ट घालणारे, खिशात पेनाऐवजी खडूचे तुकडे बाळगणारे असे हे गृहस्थ. पवनीच्या विणकर घरातले. भाऊ मागावर बसले, हे शिकले, आणि सुटीत घरी गेले की भावांच्या शेजारी बसून त्यांना डोक्यातली जीवसृष्टी सांगत. भाऊ म्हणे माग थांबवत नसत.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप उभे राहतात आणि माणसं सतरंजी घेऊन नाटकाला जातात. सर या नाटकांत काम करत नसत, ते प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून, बॅटरीच्या उजेडात, विसरलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवायचा. त्यामुळे त्यांना एक खास आवाज कमावता आला होता. कुजबुज असूनही शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आणि त्यामुळेच त्यांना एक खोड लागली होती. समोरचा बोलताना जरा थांबला की सर त्याला पुढचा शब्द देऊन टाकत.

एका सव्वीस जानेवारीला आमचे प्राचार्य भाषणात म्हणाले, "आज मला या प्रसंगी आठवण होते ती..." आणि त्यांनी नाट्यपूर्ण विराम घेतला. पहिल्या रांगेतून त्या कमावलेल्या कुजबुजीत आवाज आला, "हुतात्म्यांची." प्राचार्यांना खरं तर आपल्या वडिलांची आठवण सांगायची होती. पण सगळ्या मैदानाने 'हुतात्म्यांची' ऐकलं होतं, त्यामुळे त्यांना तिकडेच जावं लागलं आणि वडील त्या वर्षी राहून गेले. नंतर प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सर परत आले ते खजील होऊन, पण मला म्हणाले, "मॅडम, त्यायचा पॉज लय लंबा झाला वो. मले वाटलं आता नाटक पडते."

हे नाटक त्यांनी वर्गातही आणलं होतं. माझा वर्ग लॅबला लागून. मी इकडे कवितेत रंगले असताना भिंतीपलीकडून आवाज येई.

"पोट्टेहो, नाटकाचं मूळ पुस्तक कोनापाशी राहते?"

"मालकापाशी!"

"पेटीत, कुलूप लावून. तो झाला डीएनए. तो पेटीतून, म्हंजे केंद्रकातून बाहेर येत नाही. मंग नटाले काय देतेत?"

"नक्कल!"

"तो आरएनए. एक जण मूळ पुस्तक पाहून पाहून नक्कल उतरवते, त्याचं नाव आरएनए पॉलिमरेज. उतरवताना टीच्या जागी यू लिहिते, बाकी जसंच्या तसं. पहिल्या पानाले पुठ्ठा लावते, ती कॅप. शेवटी ए, ए, ए, ए अशी एकाच अक्षराची लंबी शेपटी जोडते, नक्कल लवकर फाटू नये म्हनून. पर उतरवलेलं सगळंच काही कामाचं नसते. आता सांगा, आपल्या नाटकात मधीच डान्स येते का नाही?"

"येते!"

"हिरोचा बाप मरून पडला हाय, बायको रडून राहिली, अन् दुसऱ्या मिनिटाले रेकॉर्ड लागली. त्या डान्सचा कथेशी काही संबंध हाय का?"

"नाही!"

"तोच इंट्रॉन. त्याचं काय कराचं?"

यावर सगळा वर्ग हाताच्या दोन बोटांची कातरी करून ओरडे, "कापा, फेका!" मग उरलेले तुकडे, म्हणजे एक्सॉन, एकमेकांना जोडायचे आणि तयार नक्कल स्टेजवर, म्हणजे पेशीच्या कारखान्यात पाठवायची. ती वाचून तिथे प्रथिनं बनतात. मी मराठीची बाई, पण माझ्या पोटात हे जितकं पक्कं बसलं आहे तितकं वृत्तांचं लक्षणही नाही. पोरं तर गॅदरिंगला स्टेजवर कंटाळवाणं काही आलं की मागून "इंट्रॉन!" म्हणून ओरडत. सर खूश होत. तो भाग परीक्षेला एका वाक्यापुरता येई, त्यामुळे त्याबद्दल आणखी काही सांगायची गरज त्यांना कधी पडली नाही.

प्रणाली ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. तिने काढलेली पेशीची आकृती लॅबच्या भिंतीवर कायमची लागली होती. हुशार, आणि दिसायला कागदासारखी फिकी. प्रार्थनेला उभी असताना एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा सरांनीच तिला उचलून सावलीत आणलं. आरोग्य केंद्रातून तिला लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, त्या संपत, नव्या येत, रक्त काही वाढत नसे. सर तिला रागे भरत. "गूळ-फुटाणे खात जाय वो. नुसतं पुस्तक खाऊन रक्त बनते का?" ती हसून हो म्हणे. सर स्वतः खडूच्या खिशातून फुटाणे काढून तिला देत आणि ती ते खडूसकट खाई.

पुढे ती भंडाऱ्याला बीएस्सी झाली आणि तिचं लग्न निघालं. मुलगा कोंढ्याचा, भूषण. घरची धानाची शेती, स्वभावाने शांत, आणि कार्ड पिवळं. तिचं कार्ड पांढरं. तिचे वडील कार्डं घेऊन लॅबमध्ये आले तेव्हा ती स्वतःही बरोबर आली होती. मी चहा पीत तिथेच होते.

सरांनी चौकोन काढले. दोन पांढरे निघाले, दोन पिवळे.

"एकही लाल नाही. कायले भेता? बिनधास्त करा लग्न."

वडिलांच्या जिवात जीव आला. प्रणाली मात्र फळ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सर, दुसरी कोणती टेस्ट करा लागते का? माहं रक्त नेहमी कमीच निघते, म्हनून विचारलं."

"अवो, तुह्या पांढऱ्या कार्डावर तुहाच भरोसा नाही का? रक्त कमी निघते ते तुह्या न खाण्यानं. बायलॉजी तुले मी शिकवली का तू मले?"

ती ओशाळून हसली. वडीलही हसले. मीही हसले. सरांनी फळा पुसून टाकला.

लग्नात सरांना नवरदेवाच्या मामाइतका मान मिळाला. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, शेला-नारळ दिला. जेवताना वाढणाऱ्यांना त्यांनी दोनदा परत बोलावलं. येताना बसमध्ये मला म्हणाले, "मॅडम, आपन शिकवलेलं असं कोनाच्या कामी पडलं ना, तं नोकरी केल्यासारखी वाटते."

प्रणालीला मुलगा झाला, विहान. तो चालायला लागला आणि त्याच्या हातापायांची बोटं सुजू लागली. रडणं थांबेना. औषधं झाली, उतारे झाले, शेवटी नागपूरला नेलं. तिथे त्याच्या आणि आईबापाच्या रक्ताच्या मोठ्या तपासण्या झाल्या. त्याचा रिपोर्ट घेऊन ती एके दुपारी लॅबमध्ये आली. पोर कडेवर झोपलेलं. तिने कुणाला दोष देण्यासाठी म्हणून तो आणला नव्हता, हे मला आजही पक्कं वाटतं. समजावून सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती आपल्या सरांकडे आली होती.

सर वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भूषणचा सिकलसेलचा दोष पोराला आला होता, तो पिवळ्या कार्डावर दिसतच होता. पण प्रणालीकडूनही एक दोष आला होता. तो सिकलसेलचा नव्हता, थॅलेसेमियाचा होता. त्याचाही वाहक असतो, त्यालाही काही होत नाही, फक्त रक्त जरा कमी राहतं आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही. शिबिरातली ती बोटाच्या थेंबाची तपासणी फक्त सिकलसेल ओळखते. हा दोष तिला दिसतच नाही. पांढरं कार्ड खोटं नव्हतं, ते सगळं सांगत नव्हतं. दोन्ही बिघाड रक्ताच्या एकाच जनुकातले. पोराला एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरा मिळाला, आणि ते जनुक धड असं एकीकडूनही मिळालं नाही.

प्रणालीने रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे तिच्या जनुकातला बिघाड नेमका कुठे आहे ते लिहिलं होतं.

"सर, इथे इंट्रॉन लिहून हाय." ती म्हणाली. "पहिला इंट्रॉन, त्यातलं पाचवं अक्षर. इंट्रॉन म्हंजे तेच ना, जे आपन कापून फेकत होतो?"

आवाजात टोमणा नव्हता. वर्गात विचारायची तसंच विचारत होती. ती पुढे काही बोलणार होती, थांबली. साऱ्या जगाला पुढचा शब्द पुरवणारा हा माणूस, त्याच्याजवळ शब्द नव्हता. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग ते म्हणाले, "मी वाचून सांगतो बेटा." एवढंच. तिला बेटा म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

ती गेली तशी त्यांनी दाराला आतून कडी लावली. मी आतच होते, पण आधी त्यांना माझं भान नव्हतं. ते भिंतीवरच्या तिच्या आकृतीकडे पाठ करून बसले. "तिनं विचारलं होतं वो मॅडम," ते म्हणाले. "तिनं मले विचारलं होतं. तुमी होते ना तिथे? अन् मी तिले हसलो." मी होते. मी म्हटलं, तुम्ही काही डॉक्टर नाही. तर म्हणाले, "डॉक्टर नाही, तं निकाल कायले देत होतो?"

पुढचे दिवस त्यांनी लॅबमध्ये चहा केला नाही. नागपूरला शिकणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून त्यांनी लेख मागवले, मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर वाचले. मग एक दिवस भिंतीपलीकडून तो धडा पुन्हा सुरू झाला. माझा तास चालू होता, मी वर्गाला वाचन दिलं आणि ऐकत राहिले.

"मी तुमाले सांगितलं होतं, इंट्रॉन कापा अन् फेका. ते अर्धं होतं. कातरीले कसं समजते का कुठून कापाचं? कोन सांगते तिले?"

भिंतीपलीकडे फळ्यावर खडू करकरला.

"डान्सच सांगते. डान्सच्या पहिल्या चार-पाच अक्षरांतच खूण राहते, का इथून मले कापा. ते अक्षर बदललं तं कातरी चुकते. भलतीकडे कापते. डान्सचा तुकडा कथेत तसाच शिवला जाते, अन् नक्कल वाचताच येत नाही. मंग रक्त बनत नाही, म्हंजे बनते, पर पुरत नाही. जे फेकाचं हाय त्यातबी लिहून राहते पोट्टेहो. मी ते कधी वाचलंच नाही."

शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेले येते का?"

"नाही," सर म्हणाले.

वह्या मिटल्याचे आवाज मला भिंतीतून ऐकू आले. त्या दिवशी 'कापा, फेका' कुणी ओरडलं नाही.

त्यानंतर त्यांनी कार्डं बघणं सोडलं. बाप येत, तर दारातूनच सांगत, "मी नाही सांगत. दोघायले भंडाऱ्याले न्या, रक्ताची पूर्ण तपासणी करा, फक्त सिकलसेलची नाही. तिथे इचारा, थॅलेसेमियाचंबी पाहा म्हना." बापांना ते पटत नसे. आजवर चहाच्या वेळात होत होतं ते काम, त्यासाठी आता दिवस मोडायचा? आणि नव्या आजाराचं नाव काढून ठरलेलं लग्न कोण मोडणार? हटवार सरांना भाव आला, असं लोक म्हणू लागले. सर ऐकून घेत. आधी ज्यांना होकार दिले त्यांची नावं आठवत ते बसून राहत. बाजारात एखादं जोडपं कडेवर पोर घेऊन भेटलं की आधी पोराची बोटं बघत. सगळी पोरं धडधाकट होती. त्यांना त्याने काही बरं वाटलं नाही.

आणि मग ते म्हणाले, "मॅडम, मले कोंढ्याले जायचं हाय. तिच्या घरी. माफी मांगाले. तुमी सोबत चला, बाईमानूस असलं तं बरं."

मला जायचं नव्हतं. आत कुठेतरी वाटत होतं की हे बरोबर नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणवेना.

कोंढ्याला भूषणच्या घरी आम्हाला ओसरीवर खुर्च्या दिल्या. सासूबाईंनी स्वतः पाणी आणलं. पोर त्यांच्याच मांडीवर होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माह्या पोराच्याच रक्तातलं आलं जी हे. सून बिचारी पांढऱ्या कार्डाची. तिच्या पुढ्यात माही मान वर होत नाही. मी तिले भारी काम सांगत नाही, कोनत्या तोंडानं सांगू?" आतल्या दारात प्रणाली उभी होती. तिने सरांकडे बघून मान किंचित हलवली. नाही, अशी. मला ते दिसलं. सरांना दिसलं नाही. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, घरून पाठ करून आणलेलं आठवत होते.

"मावशी," ते म्हणाले, "चूक माही हाय. मी लग्नाले हो म्हटलं. मी म्हटलं पांढरं कार्ड हाय, चिंता नाही. पर दोष एकाच्या अंगचा नव्हता, दोघायकडून आला. प्रणालीच्या रक्तातबी होता, दुसऱ्या जातीचा. तिनं मले विचारलंबी होतं, मी तिले गप्प केलं. मले माफ करा."

असं म्हणून त्यांनी हात जोडले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं.

"म्हंजे तुह्यातबी होतं? अन् तुले मालूम होतं?"

भूषण घाईने म्हणाला, "माय, तिचा काही दोष नाही त्यात. तुह्या-माह्यात हाय तसंच ते." पण त्या उठल्या होत्या. पोराला त्यांनी मांडीवरून उतरवून ओसरीवर ठेवलं, जोराने नाही, नीटच ठेवलं, आणि आत गेल्या. पोर रडायला लागलं. आमच्यासाठी चुलीवर ठेवलेला चहा कुणी आणला नाही.

सरांना अजूनही कळलं नव्हतं. ते मोकळं झालेल्या माणसासारखे उठले, डोळे पुसत. प्रणाली पोराला उचलून आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे तिने आवाज न चढवता सांगितलं.

"सर, आमी दोघानं ठरवलं होतं, आईले नाही सांगाचं म्हनून. त्यायच्या मनात होतं का त्यायच्याकडून आलं, तं माहे दिवस बरे जाऊन राहिले होते. तुमाले मोकळं व्हायचं होतं. झाले तुमी. मले इथेच राहायचं हाय."

सरांचा चेहरा तेव्हा मी पाहिला तो पाहायला नको होता. निरोपाला जोडलेले त्यांचे हात तसेच राहिले होते, ते कुठे ठेवावे हे त्यांना समजत नव्हतं. तिच्या संसाराबद्दल ते दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा ते तिच्यावरच शेकलं. मला त्यांच्याबरोबर आल्याची इतकी लाज वाटली की मी प्रणालीचा निरोपही धड घेतला नाही. बसस्टँडवर दोन बस समोरून गेल्या, आम्ही चढलोच नाही.

पुढे कानावर आलं ते असं. सासूबाईंनी तिला घालून पाडून बोलणं सुरू केलं. मानपान गेला, धुणं-भांडं-शेण सगळं तिच्याकडे आलं. भूषण आईशी भांडला, वेगळी चूल मांडायची भाषा झाली, मग तेही थंड झालं. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभ होऊ दिला नाही. सकाळी आले, किल्ल्या दिल्या आणि गेले. लॅबमध्ये आता चहा होत नाही. माझाही त्यांच्याशी संबंध राहिला नाही. खरं सांगायचं तर समोर आले असते तर काय बोलावं या भीतीने मी लाखनीच्या बाजारात त्यांची गल्ली टाळत असे.

गेल्या वर्षी मला कोंढ्याला पुरवणी परीक्षेची ड्युटी लागली. परतताना भंडाऱ्याच्या बसमध्ये बसले, तर पुढच्या बाकावर प्रणाली, तिचं पोर आणि सर दिसले. धानाची रोवणी सुरू असल्याने भूषण शेतात, बांधीत असावा. प्रणाली खिडकीशी, तिच्याजवळ दवाखान्याची फाइल. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सर, आणि मध्ये विहान, त्यांच्या मांडीवर पाय पसरून झोपलेला. अंगाने बारीक पण चेहरा तरतरीत. सरांचा तो मोठा शर्ट आता आणखी मोठा झाला होता. शेजारच्या बाईने सांगितलं, हे म्हातारे दर महिन्याला असेच जातात. लाखनीहून भंडारा सरळ हायवेवर आहे, पण सर आधी उलटे कोंढ्याला येत, पोराला घेत, आणि मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेत. येताना तसंच सगळं उलट. तिच्याशी ते बोलत नव्हते. तीही बोलत नव्हती. पोराचं डोकं घसरलं की दोघांचेही हात एकदम पुढे होत आणि सरांचा मागे जाई.

कंडक्टर तिकिटं काढत आला. तिने आपलं बायकांचं अर्धं तिकीट घेतलं. मग त्याने सरांकडे बोट दाखवून तिला विचारलं, "हे बाबा तुमच्याच सोबत हायेत का? कोन होत तुमचे?"

बसमधल्या माणसांनी उगाच माना वळवल्या. मी जागेवरच आक्रसले. तिने काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं. शेजारचे आहेत, गावचे आहेत, काहीही. सर खिशात पैसे चाचपत होते, त्यांचा हात तिथेच थांबला.

प्रणाली कंडक्टरकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर होत माहे. बायलॉजी मले यायनंच शिकवली."

"अरे वा," कंडक्टर म्हणाला आणि त्याने सरांना नमस्कार केला.

सरांनी नमस्कार घेतला नाही. त्यांनी झोपलेल्या पोराच्या अंगावर वाकून त्याची चपलेतून निसटलेली टाच पुन्हा आत सरकवली, आणि भंडारा येईपर्यंत तोंड वर केलं नाही.